मदत हवी आहे: तेंदूपत्ता (बिडीचं पान) यंदा ग्रामसभा स्वतः विकणार, करारात काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी. कुरखेडा तालुक्यातलं (जि. गडचिरोली) आमचं छोटं गाव. सामूहिक वनहक्क (गावाचा आपल्या जंगलावरचा कायदेशीर हक्क) मंजूर होऊन काही वर्षं झाली. पण पट्टा पेटीत आणि कारभार ठेकेदाराच्या डायरीत, अशी गत आहे. दरवर्षी हंगामाआधी तो येतो, गावातल्या चार वजनदार माणसांशी बोलतो आणि मे महिन्यात फळी (पानांच्या जुड्या, म्हणजे पुडे, मोजून घ्यायची जागा) लागते. भाव काय ठरला हे सभेला नंतर कळतं.

मागच्या हंगामाची मजुरी मिळाली, रॉयल्टीचा, म्हणजे पत्त्यासाठी ठेकेदार ग्रामसभेला देतो त्या रकमेचा, शेवटचा हप्ता अजून यायचाय. पत्ता पावसात भिजला, माझंच नुकसान झालं, असं तो सांगतो. फळीवर त्याचा मुन्शी (मोजणी-हिशेब ठेवणारा) शेकड्यामागे चार-पाच पुडे वरून घ्यायचा, ते वेगळंच.

यंदा बायकांनी सभेत विषय लावून धरला. पहाटे जंगलात त्याच जातात, पुडे त्याच बांधतात. जाहीर लिलाव करायचा असं ठरलं. लगेच ठेकेदाराचा निरोप आला: लग्नसराई आहे, आत्ताच उचल देतो, करार माझ्याशी करा आणि वाहतूक परवान्याचं (माल जंगलाबाहेर न्यायच्या परवानगीचं) पुस्तक कोऱ्या पानांवर सह्या करून माझ्याकडे ठेवा, तुम्हाला धावपळ नको. अर्धं गाव पाघळलंय.

त्यात वनरक्षक म्हणतो, परवाना आमच्याच ऑफिसातून घ्यावा लागेल. आणि सरपंच म्हणतात, पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला हवा. आमची गट ग्रामपंचायत आहे, चार गावांची. खरं काय? आणि करारात कोणत्या अटी सोडूच नयेत? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, नुसतं पुस्तकी उत्तर नको.

प्रतिसाद १ (कोरची भागात ग्रामसभांसोबत काम करतो)

भाऊ, पहिली गोष्ट, ते पुस्तक कुणालाही देऊ नका. तुमच्या हातातली खरी किल्ली तीच आहे. पत्ता तुमच्या हद्दीत वाळत पडलेला असतो तोवर व्यापारी तुमचं ऐकतो. गाडी निघाली की तुम्ही त्याच्या मागे फिरता. म्हणून करारात लिहा: जेवढा हप्ता खात्यात जमा, तेवढ्याच गोण्यांचा परवाना. शेवटचा हप्ता आल्याशिवाय शेवटची गाडी नाही. तुमचा अडकलेला हप्ता याच एका अटीने वाचला असता.

वनरक्षकाला २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम दाखवा, २०१२ च्या दुरुस्तीसह. वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची व्यवस्थापन समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि गौण वनोपज (तेंदू, बांबू वगैरे) गोळा करण्यावर सरकारला रॉयल्टी किंवा शुल्क घेता येत नाही. हे सहज मिळालेलं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा हक्क २००९ मध्येच मान्य झाला होता, तरी बांबूचा परवाना अडला होता. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. असं मिळालेलं पुस्तक तुम्ही सह्या करून देणार?

बाकी अटी:
पुडा ७० पानांचा, प्रमाण गोणी १००० पुड्यांची, हे शब्दांत लिहा. वरचे पुडे बंद. फळीवर मोजून घेतलेला पत्ता व्यापाऱ्याचा. त्यानंतर पाऊस, गारपीट, आग, सगळी जोखीम त्याची. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, दोन्हींच्या तारखा ठरलेल्या. अनामत लिलावाआधीच. मुन्शी ग्रामसभेचा, शक्यतो गावातलीच शिकलेली मुलगी.

खात्याचं म्हणाल तर या कायद्यातली ग्रामसभा म्हणजे तुमच्या गावातले सगळे प्रौढ. गट ग्रामपंचायत ही वेगळी संस्था. ग्रामसभेचं स्वतःचं खातं आणि पॅन काढा, नाहीतर कराचा घोळ कुणाच्या तरी एकट्याच्या नावावर बसतो. ठराव करताना गणपूर्ती बघा: निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. ठराव कच्चा राहिला की नाराज माणूस पहिला तिथेच बोट ठेवतो.

प्रतिसाद २ (पुणे)

शंका विचारतो, राग मानू नका. प्रत्येक गाव आपापला लिलाव करू लागलं तर पैशासाठी जंगल ओरबाडलं जाणार नाही का? वनविभागाकडे निदान आराखडा तरी असतो.

प्रतिसाद ३ (चंद्रपूर)

दादा, आमच्या जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. ते बांबू लिलावाने विकतात, पण तेंदू तोडायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. कारण पानासाठी फांद्या छाटतात, आग लावतात, आणि टेंभरं (तेंदूची फळं) पिकायची राहून जातात. ती माणसंही खातात, पाखरंही. हातचा पैसा सोडायचा निर्णय होता तो, आणि वरून कुणी सांगितलेला नव्हता. आराखडा वनविभागाकडे होताच की, त्याच काळात कागद गिरण्यांना बांबू दिला गेला.

धागाकर्त्याला एकच सांगतो: तेंदू विकायचाच असेल तर छाटणी कुठे आणि किती, आणि आग लावणाऱ्याला दंड किती, हेही त्याच करारात टाका. ठेकेदाराची माणसं हंगामापुरती येतात, जळकं जंगल तुमच्याकडे राहतं.

धागाकर्ता

आभार. आग लागते दरवर्षी, पण करारात ते लिहिता येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक अडचण राहिली. आमच्या एकट्या गावाच्या लिलावाला बाहेरचा व्यापारी येईल का? माल थोडा, जाहिरातीचा खर्च परवडत नाही, आणि उचल नाकारली तर लग्नघरांना काय सांगायचं?

प्रतिसाद १

एकटे जाऊ नका. आमच्याकडे ग्रामसभांची महाग्रामसभा आहे. आजूबाजूच्या दहा-बारा ग्रामसभा एकत्र आल्या तर एकच जाहिरात, खर्च वाटून, आणि माल भरपूर दिसला की नागपूर-गोंदियाचे व्यापारीही येतात. करार मात्र प्रत्येक ग्रामसभेने वेगळा करायचा. उचलीचं म्हणाल तर लिलावात पहिला हप्ता तोडणीआधीच मागा. त्यातून सभेच्या ठरावाने लग्नघरांना द्या आणि मजुरीतून वळते करा. म्हणजे कर्ज ग्रामसभेचं राहतं, ठेकेदाराचं नाही.

धागाकर्ता

शनिवारी सभा आहे, शेजारच्या दोन गावांनाही बोलावलंय. कराराचा मसुदा झाला की इथेच टाकतो, कुणी वकील असेल तर नजर घाला. आणि गोंदियाकडच्या कुणाला मागच्या हंगामाचा प्रतिगोणी भाव पक्का माहीत असेल तर कळवा. ठेकेदाराच्या तोंडचा नको.