ऐंशीच्या पुढे हार्ट अटॅक आला तर अँजिओप्लास्टी वय बघून ठरवायची का?

दादर_तिसरा_मजला
बाबा ८२ वर्षांचे. मागच्या महिन्यात दोन दिवस नुसता दम लागत होता, छातीत दुखलं नाही, हात भरून आला नाही, आम्हाला वाटलं कफ झालाय. हॉस्पिटलात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं, पण ईसीजी मोठ्या अटॅकचा नव्हता, म्हणजे एनस्टेमी म्हणतात तो प्रकार. डॉक्टरांनी फाईलवरचं वय बघितलं आणि म्हणाले या वयात कशाला, गोळ्यांवर ठेवू. ठाण्याचा भाऊ म्हणाला आत्ताच्या आत्ता दुसरीकडे हलवू आणि स्टेंट टाकू. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की हा माणूस आजारी पडायच्या आधी काय काय करत होता! बाबा रोज तिसऱ्या मजल्यावरून उतरून भाजी आणायचे, आमच्याकडे लिफ्ट नाही. पण वर्षभरात वजन ५८ चं ५१ झालं होतं आणि चढताना दुसऱ्या मजल्यावर बसायला लागले होते, हेही तितकंच खरं.
माझं मत असं की फ्रेल्टी, म्हणजे अंगात झेपवायची ताकद किती उरलीय, ती मोजल्याशिवाय कोणी 'करा'ही म्हणू नये आणि 'नको'ही म्हणू नये. एका ८२ वर्षांच्या माणसाचं दुसऱ्या ८२ वर्षांच्या माणसाशी काहीही जुळत नसतं.

लालबागचा_चाळकरी
दादा, राग मानू नका पण मला हे पटत नाही. फ्रेल्टी फ्रेल्टी करत शेवटी म्हाताऱ्या माणसाला बाजूलाच सारतात, फक्त आता त्याला शास्त्रीय नाव मिळालंय. माझी आई ८४ ची, पोक आलेलं, कानाला कमी ऐकू येतं, तिलाही आधी नकोच म्हणाले होते. आम्ही हट्ट धरला, मनगटातून नळी घालून अँजिओ म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, स्टेंट पडला, तिसऱ्या दिवशी घरी. नॉर्वेत फक्त ८० च्या वरच्या ४५७ पेशंटवर अभ्यास झालाय, २०१६ मध्ये छापून आला. अँजिओ करून गरज पडली तर स्टेंट असं ठरवलेल्यांत परत अटॅक, तातडीची प्रोसिजर, स्ट्रोक किंवा मृत्यू यातलं काही ना काही साधारण ४१ टक्क्यांना झालं आणि नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्यांत ६१ टक्क्यांना. एवढा फरक असताना थांबायचं कशाला? पैशाचं म्हणाल तर ७० च्या वरच्यांना आता आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड निघतं, कार्ड चालतं का तेवढं हॉस्पिटलात आधी विचारायचं.

सायनची_सून
चाळकरी भाऊ, तुमच्या आईला बरं वाटलं याचा खरंच आनंद आहे, पण आमच्या घरी उलटं झालं म्हणून लिहिते. सासूबाई ७९. आधीच आंघोळीला कुणीतरी लागायचं, दोनदा बाथरूममध्ये पडल्या होत्या, तरी सगळे नातेवाईक म्हणाले करून टाका, नाहीतर लोक काय म्हणतील. स्टेंट छान बसला, डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवला पण. मग आयसीयूत रात्रभर बडबड, हात बांधायची वेळ आली, अँजिओच्या वेळी टोचतात त्या डायनंतर क्रिएटिनीन वाढलं म्हणजे किडनीवर ताण आला, ११ दिवस पलंगावर. घरी आल्या त्या परत उभ्या राहिल्याच नाहीत. १४ महिने अंथरुणावर काढले आणि गेल्या न्यूमोनियाने, हार्टने नाही. त्यांच्या हृदयाचा रिपोर्ट शेवटपर्यंत चांगला होता. मला आजही वाटतं की एकाने जरी नीट विचारलं असतं ना की या बाईला यातून काय मिळणार आहे, तर आम्ही थांबलो असतो.

परळची_फिजिओ
दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच मोजायचं. आधी एक स्पष्ट करते, ईसीजीत मोठा अटॅक म्हणजे स्टेमी असेल तर ही चर्चा करत बसू नका, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात आणि नुसत्या वयावरून नकार देणं चुकीचंच.
प्रश्न एनस्टेमीचा. चाळकरी दादांनी सांगितलेल्या अभ्यासात फायदा मुख्यतः पुन्हा अटॅक आणि तातडीची प्रोसिजर टळण्यात होता, मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नव्हता. नंतर २०२४ मध्ये ब्रिटनचा सीनियर-रीटा नावाचा अभ्यास आला, ७५ च्या वरचे १५१८ पेशंट, सरासरी वय ८२, त्यात फ्रेल लोक मुद्दाम घेतलेले, चार वर्षांच्या आसपास पाठपुरावा. हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक धरला तर अँजिओच्या गटात २५.६ टक्के आणि गोळ्यांच्या गटात २६.३, म्हणजे जवळपास सारखंच. नवे अटॅक मात्र कमी, ११.७ विरुद्ध १५. म्हणजे स्टेंटने पुढचा अटॅक टळू शकतो, पण माणूस जास्त जगेलच असं यावरून म्हणता येत नाही.
मोजायचं कसं तर क्लिनिकल फ्रेल्टी स्केल आहे, १ ते ९, १ म्हणजे एकदम धडधाकट आणि आकडा वाढेल तशी ताकद कमी, आणि त्यात *आजाराच्या दोन आठवडे आधीची* अवस्था धरतात, कॅज्युअल्टीत आडवा पडलेला माणूस बघून नंबर द्यायचा नसतो, ही चूक मी फार बघते. घराबाहेरची सगळी कामं दुसऱ्यावर, जिना जड जातो, आंघोळीला मदत लागते म्हणजे ६, सायनच्या ताईंच्या सासूबाई तिथे होत्या. दादरचे बाबा मला ४ च्या आसपास वाटतात, पण ७ किलो गेलेत ते सोडून देऊ नका.

लालबागचा_चाळकरी
ताई, आकडे मान्य. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत हे स्केल घेऊन कोण बसणार? आणि एकदा ६ लिहिलं की पुढचा डॉक्टर फाईल उघडून बघणारसुद्धा नाही, मला भीती त्याची आहे.

परळची_फिजिओ
तुमची भीती खोटी नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाने स्वतःहून सांगायचं, मिनिटभर लागतं. आणि ६ लिहिलं म्हणजे उपचार बंद असं नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या किती झेपतील, आयसीयूत किती दिवस ठेवायचं, घरी कोण आहे, हे सगळं त्यावरून ठरतं. फ्रेल्टी थोडीफार मागेही सरकते. इटलीत अटॅकनंतर ज्यांचं चालणं-उठणं मंदावलंय अशा ५१२ वयस्कांवर अभ्यास झाला, २०२५ मध्ये आला, निम्मे ८० किंवा त्यापुढचे. व्यायाम, आहार आणि बीपी-शुगर नीट सांभाळणं असं एकत्र केलं तर वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा त्याच कारणाने अचानक ॲडमिट व्हायची वेळ १२.६ टक्क्यांवर आली, नेहमीच्या उपचारात ती २०.६ होती. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर आठ गोळ्या लिहिलेल्या असतात आणि पायांबद्दल एक ओळ नसते, यावर मला खरंच संताप येतो. पलंगावर दहा दिवस झोपून राहिलं तर धडधाकट म्हाताऱ्या माणसाच्याही पायातलं किलोभर मांस जातं हो, मग अटॅकवाल्याचं काय!

सायनची_सून
आम्हाला तर 'आराम करू द्या' एवढंच सांगितलं होतं, आणि पेज, साबुदाणा, पातळ भात. चार महिने.

परळची_फिजिओ
तेच तर. अंडं, डाळ, दही, पनीर, मासे द्यायचे, किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारून. आणि हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला १५ सेकंदांच्या वर लागले तर पायांची ताकद कमी झाली समजायचं. शेजारी कुणीतरी उभं राहून करा.

दादर_तिसरा_मजला
काल केलं. २२ सेकंद लागले, चौथ्या वेळी हात टेकला. सहा दिवस पलंगावर होते त्याचा हा परिणाम, मला आधी कळायला हवं होतं. गुरुवारी दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे जातोय, वजन, जिना, भाजी, २२ सेकंद सगळं एका कागदावर लिहून नेतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलंय बाबांसाठी.

लालबागचा_चाळकरी
माझं मत अजून करून घ्या असंच आहे. पण एवढ्या सगळ्यात बाबांना स्वतःला विचारलंत का काय हवंय ते?

दादर_तिसरा_मजला
नव्हतं विचारलं. आत्ता विचारून आलो. म्हणाले, स्टेंटचं तुम्ही बघा, मला खाली उतरून भाजी आणता आली पाहिजे, आणि परत वर येताना कुणी उचलून आणायचं नाही. कागदावर तेच सगळ्यात वर लिहिलंय.