पुण्यात गाडी चालवायचे ‘विनोदी’ सल्ले: मला हसू आलं नाही

पंचगंगाकाठ
काल इथं एकानं ‘पुण्यात पहिल्यांदा गाडी घालणाऱ्या पाहुण्यांना सल्ले’ टाकलेत. इंडिकेटर देऊ नका, पुणेकर मन ओळखतो. सिग्नल पिवळा झाला की गाडी पिळा. आणि तिसरा: राँग साइड म्हणजे पुण्यातला शॉर्टकट. खाली सगळे खो-खो हसतायत.

माझा भाचा शिकायला पुण्यात आहे. मार्चमध्ये कर्वे रोडला आपल्या बाजूनं सरळ चालला होता. समोरून एक स्कूटरवाला उलटा आला, पुढचा वळसा वाचवायला. भाच्याच्या नडगीत अजून सळई आहे. तो माणूस उठला, आधी स्वतःचा आरसा सरळ केला आणि म्हणाला, “बघून चालवायचं ना जरा.”

पाहुण्याला सांगायचंच तर हे सांगा. फर्ग्युसन रोड एकेरी, गुडलककडे येणारा. जंगली महाराज रोड एकेरी, डेक्कनकडून संचेतीकडे जाणारा. दुकान मागं राहिलं तर अख्खी चक्कर मारा, उलटे फिरू नका. पी-१, पी-२ च्या पाट्यांवर तारीख सम की विषम ते बघून गाडी लावा. मोटरसायकल वाहतूक पोलिसांच्या टेम्पोत चढली की मग अर्धा दिवस गेलाच.

तिसरी गल्ली
पोस्ट माझीच. थट्टा होती हो. तीस वर्षं या रस्त्यांवर घासतोय, एवढं बोलायचा हक्क आहे मला. आणि बाहेरचे काय फार शिस्तीचे? शनिवारी सकाळी चांदणी चौकात बघा, एमएच-०९ आणि एमएच-११ च्या, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याच्या, गाड्या ऐन रॅम्पवर थांबवून मोबाइलात नकाशा बघत असतात.

बावधनची सून
चांदणी चौकाचं खरं आहे. २०२३ ला नवा पूल सुरू झाला आणि इतके फाटे फुटले की वीस वर्षं इथं राहणारे माझे सासरेही चुकले. पण चुकलात तर पुढं जा, पुढून वळा. रॅम्पवर थांबणं म्हणजे मागच्याला मारणं.

सायकल ते ॲक्टिव्हा
भाच्यानं हेल्मेट घातलं होतं का?

पंचगंगाकाठ
नडगीला कुठलं हेल्मेट घालतात? चूक समोरच्याची आणि चौकशी आमच्या पोराची!

नारायण पेठ
विषय निघालाच आहे तर बोलतो. हेल्मेट हायवेला ठीक. गावात तिशीच्या वर गाडी जात नाही, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मान अवघडते. २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्धच्या मोर्चात मी होतो, आजही जाईन. आधी खड्डे बुजवा.

रात्रपाळी
काका, मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. “फक्त कोपऱ्यापर्यंतच जायचं होतं” हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय ते विचारू नका. मागं बसलेल्या आजी स्पीडब्रेकरवर उडून मागच्या मागं पडतात. वेग विसाचा असतो, डोकं थेट डांबरावर. कायद्यात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट आहे, कलम १२९ वाचा. खड्डे आहेत म्हणून तर घालायचं!

नारायण पेठ
मला कायदा शिकवू नका. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं टोपी घालून स्कूटर चालवली.

रात्रपाळी
त्यांचं नशीब चांगलं होतं. माझ्या वॉर्डात येतात त्यांचं नसतं.

वडगाव बुद्रुक
भांडा खुशाल, पण साताऱ्याकडून येणाऱ्याला कामाचं कुणीच सांगत नाही. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले न्यूट्रल करतात, मग ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या. काचांचा खच मी डोळ्यांनी बघितलाय. तिथं गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि लोड गाडीच्या पुढं रेंगाळू नका.

नारायण पेठ
मुलगी मागं बसते तेव्हा तिला हेल्मेट घालायला लावतो मी. पण सक्ती नको म्हणजे नको.

रात्रपाळी
तिला घालता ना? मग स्वतःही घाला.

तिसरी गल्ली
तिसरा सल्ला काढलाय. सळईचं वाचल्यावर ठेववेना. पहिले दोन राहतील, ते खरेच आहेत. कोल्हापूरकर, भाचा आता चालतो का?

पंचगंगाकाठ
काठी सुटली गेल्या आठवड्यात. गाडीला हात लावत नाही अजून.