बारावीनंतरची शिष्यवृत्ती : आपल्या घरी काय घडले ते लिहावे

धागा सुरू करणारी शिक्षिका, सातारा :

गेल्या आठवड्यात सेतू केंद्राच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगी वडिलांसोबत उभी होती. नुकतीच बारावी झालेली. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ आणि शाळा सोडल्याचा दाखला असे सगळे नीट घडी करून ठेवलेले होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती दोघे तिसऱ्यांदा आली होती, कारण वडिलांचे नाव आधारवर एका प्रकारे आणि रेशनकार्डावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते. खिडकीवरून परत फिरताना ती वडिलांना हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, चूक कार्डाची आहे, मग फी माझी का अडते?" तो प्रश्न मला घरी आल्यावरही सोडेना, म्हणून हा धागा काढत आहे.

१९९१ साली मी माण तालुक्यातून पदवीच्या पहिल्या वर्षासाठी साताऱ्यात आले. घरची जमीन जिराईत, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे ई.बी.सी. सवलतीला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांच्या फी माफीला, आम्ही पात्र आहोत की नाही असा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. वडिलांनी तलाठ्यांकडून दाखला आणला, मी अर्ज भरला आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात नेऊन दिला. तेथील कारकुनांनी जांभळ्या शिक्क्याशेजारी लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवले. दाखला एक वर्ष जुन्या उत्पन्नाचा होता. मुदत संपायला चार दिवस होते, तलाठ्यांकडे तीन गावे होती आणि ते नेमके कोणत्या गावी असतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. सवलत गेली. पूर्ण फी भरण्यासाठी वर्षभराच्या खाण्याची म्हणून कणगीत ठेवलेली ज्वारी विकावी लागली, आणि त्या हिवाळ्यात आमच्याकडे भाकरीपेक्षा हुलग्याचे माडगेच जास्त वेळा झाले. माझे गुण कमी नव्हते आणि आमचे उत्पन्न जास्त नव्हते, फक्त कागदावरचा एक आकडा चुकला होता. आज तीस वर्षांहून अधिक काळ मी शिकवते आहे आणि दर जूनमध्ये असा एखादा आकडा, एखादे नाव, एखादी तारीख कोणाचे ना कोणाचे वर्ष अडवताना पाहते. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांनीही लिहावे, ज्यांची हुकली त्यांनी तर अवश्य लिहावे.

एक पालक, तासगाव :

ताई, आमची चूक कागदाची नव्हती, प्रवेशाचीच होती. २०२१ साली मुलाला पुण्यातील एका खासगी विद्यापीठात अभियांत्रिकीला घातले. प्रवेश देणाऱ्या माणसाने "शिष्यवृत्ती बसेल, काळजी करू नका" असे दोनदा सांगितले होते. आमचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, म्हणून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी परत मिळेल असा हिशेब मी मनाशी मांडला होता. नोव्हेंबरात अर्ज भरायला बसलो तेव्हा कळले की त्या योजनेसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. आमचा प्रवेश थेट झालेला होता. त्याच वर्षी द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, डाऊनी रोगाने घड गेले, आणि जो काही बेदाणा हाती लागला त्याचे पैसे तासगावच्या बाजारातून सरळ पुण्याला गेले. चारही वर्षांची पूर्ण फी आम्ही भरली.

धाकट्या मुलीच्या वेळी मी आधी तिला कॅप फेरीचा अर्ज भरायला लावला आणि मगच महाविद्यालयांची नावे पाहिली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. तिला ते लागू झाले. खोली आणि खानावळ आमच्याच पदरी आहे, तरी एकाच घरातील दोन मुलांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडला. पात्रता बारावीच्या निकालावर ठरते असे मी धरून चाललो होतो. ती प्रवेश कोणत्या दाराने घेतला यावर ठरते, हे मला कोणी वेळेवर सांगितले नाही.

शिष्यवृत्ती विभागातील लिपिक, कराड :

वरील दोन्ही अनुभव वाचून वाईट वाटले, कारण आमच्या टेबलावर रोज हेच येते. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, भरलेला अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, नंतर प्राचार्यांकडे आणि तेथून संबंधित विभागाकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याच्या खात्यात परत जातो आणि तो दुरुस्त करण्याची वाट पाहत तेथेच पडून राहतो. मुले मात्र अर्ज "भरला" म्हणजे संपला असे समजतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेल्या हंगामात पाटण भागातील एका मुलाचा अर्ज तीन महिने परत आलेला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. नेट कॅफेत अर्ज भरताना कॅफेवाल्याने घाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला होता, त्यामुळे सगळे संदेश त्या कॅफेवाल्याच्या फोनवर जात होते. मुलगा मुदतीच्या आदल्या दिवशी सहज चौकशीला आला म्हणून वाचला. क्रमांक घरातलाच द्या, वापरकर्ता नाव व पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण आपोआप होत नाही हे लक्षात असू द्या.

नर्सिंगची विद्यार्थिनी, मिरज :

माझा अर्ज मंजूर दिसत होता, पण खात्यात रुपयाही नव्हता. पाच महिने बँकेत खेटे घातले. शेवटी एका बँक कर्मचारी ताईंनी समजावून सांगितले की पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात. दहावीत असताना गावात पोस्टाचे लोक आले होते, तेव्हा त्यांच्याकडे मी एक खाते उघडले होते आणि पुढे ते विसरूनही गेले होते. सगळी रक्कम तेथे सुखरूप पडून होती. आईने ते पोस्टाचे कार्ड पिठाच्या डब्याखालून शोधून काढले.

धागा सुरू करणारी शिक्षिका, सातारा :

बाळ, वाचून जीव भांड्यात पडला. हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे.

अभियंता, मूळ गाव जत तालुक्यात :

आमचे घर धनगर समाजाचे, वडील मेंढरे घेऊन वर्षातले सहा-सात महिने बाहेर. माझ्या वेळी अडचण उत्पन्नाची नव्हती, जात वैधता प्रमाणपत्राची होती. भटक्या जमातींसाठी पुरावा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा लागतो. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, म्हणून शाळेच्या रजिस्टरात त्यांचे नाव मिळण्याची शक्यताच नव्हती, आणि आमच्या नावावर जुनी जमीनही नव्हती. एका निवृत्त तलाठी काकांनी गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही पाहण्यास सुचवले. तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन दिवस बसून आम्ही ती वही चाळली. मोडी आणि देवनागरी अशा मिसळ अक्षरांत माझ्या चुलत आजोबांच्या जन्माची नोंद सापडली आणि जातीच्या रकान्यात "धनगर" असे स्वच्छ लिहिलेले होते. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी त्या शब्दावर नुसता हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

अकरावीत असतानाच वैधतेचा अर्ज करता येतो, हे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणी बोलले असते तर प्रवेशाच्या धावपळीत ही शोधाशोध करावी लागली नसती. आरक्षित जागेवरचा प्रवेश आणि त्यावर अवलंबून असलेली फी माफी, दोन्ही त्या एका नोंदीवर टिकले.

निवृत्त प्राध्यापक, सातारा :

जतच्या मित्रांचा अनुभव वाचून राहवले नाही. मी साठच्या दशकात छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलो. फी ई.बी.सी. सवलतीतून माफ होती आणि जेवणाची सोय "कमवा आणि शिका" योजनेतून होत असे. सकाळी बागेला पाणी घालून आम्ही तासाला बसायचो. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही सवलत आली नसती, तर आमच्या पिढीतील निम्मी मुले सातवीनंतर शेतावरच राहिली असती, असे मला मनापासून वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत होती, आणि मुलाची गरज हीच त्याची पात्रता मानली जात होती. आम्हाला अर्ज भरताना शेजारी बसून मदत करणारे शिक्षक होते. आज माहिती संकेतस्थळावर आहे, पण शेजारी बसणारा माणूस कमी झाला आहे. माझ्या घरासमोरील कट्ट्यावर जूनपासून रोज संध्याकाळी मी मुलांचे अर्ज तपासून देतो. नजर कमी झाली आहे, म्हणून नात मोठ्याने वाचते.

गृहिणी, फलटण :

आम्ही तिघी बहिणी. शाहू महाराज शिष्यवृत्तीचा लाभ कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळतो. मोठ्या दोघींनी तो घेतला आणि दोघींचे शिक्षण पूर्ण झाले. मी तिसरी. बारावीला घरात सर्वांत जास्त गुण माझेच होते. वडील एकही शब्द बोलले नाहीत, पण त्या दिवसानंतर ते अर्जाच्या विषयावर माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नसत. मी विनाअनुदानित अभ्यासक्रम सोडला आणि अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. केले. कोणाविषयी राग नाही. आपण कितव्या क्रमांकाने जन्माला आलो यावर फी ठरावी, हे मात्र मला आजही पटत नाही.

एक पालक, तासगाव :

वहिनी, आपले लिहिणे वाचून बराच वेळ गप्प बसलो. आपल्या मुलांना आपण खूप शिकवाल याची खात्री आहे.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, मूळ गाव खानापूर तालुक्यात :

मी स्वाधार योजनेवर शिकलो. अनुसूचित जातीतील ज्या मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला राहणे-जेवणे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून थेट खात्यात रक्कम मिळते. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. योजनेने मला उभे केले, हे मी कोणालाही सांगेन. हप्ता मात्र उशिरा यायचा. सांगलीत ज्या मावशींच्या खानावळीत मी जेवत होतो, त्यांनी एका सत्रात चार महिन्यांचे पैसे थांबवले आणि माझ्या ताटातली भाकरी कधी कमी केली नाही. रक्कम जमा झाल्याचा संदेश आला, त्या दुपारी मी आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वहीतील माझे पान फाडून चुलीत टाकले.

एक आई, वाई :

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाने वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी एक वर्ष घरी अभ्यास केला. ते वर्ष रिकामे गेले म्हणून शिष्यवृत्ती नाकारतात का? शेजारी छातीठोकपणे तसेच सांगत आहेत आणि मुलाची झोप उडाली आहे.

शिष्यवृत्ती विभागातील लिपिक, कराड :

ताई, मुलाला निश्चिंत झोपू द्या. बारावी आणि प्रवेश यांच्यामधील खंडासाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, त्याने पात्रता जात नाही. शाहू महाराज योजनेत अडचण येते ती अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षे किंवा अधिक खंड पडला तर. उत्पन्नाचा दाखला मात्र आताच काढून ठेवा, प्रवेश फेरी सुरू झाल्यावर सेतूतील गर्दी आवरत नाही.

आणि सातारच्या शिक्षिका ताईंनी ज्या मुलीविषयी लिहिले आहे, ती पुन्हा भेटली तर तिच्या वडिलांना आधी आधारवरील नाव रेशनकार्डाप्रमाणे करून घ्यायचे की रेशनकार्ड आधारप्रमाणे, हे ठरवू द्या. सातबाऱ्यावर आणि मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच कायम ठेवावे, म्हणजे पुढे एकाच दुरुस्तीत काम भागते. उलट केले तर आणखी दोन कागद बदलावे लागतील.

धागा सुरू करणारी शिक्षिका, सातारा :

ती मुलगी आमच्याच पेठेत राहते, हे काल कळले. सातबाऱ्यावर आणि गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव सारखेच आहे, आधारवरही तेच आहे, वेगळे आहे ते फक्त रेशनकार्डावर. सोमवारी मला पहिला तास नाही. मी तिच्यासोबत पुरवठा शाखेत जाणार आहे, आणि निवृत्त प्राध्यापक सर, संध्याकाळी तिला आपल्या कट्ट्यावर पाठवते.