चौथीचा एकच वर्ग, वजाबाकीच्या तीन पातळ्या: तासिका कशी बसवावी?

खडूफळा
जिल्हा परिषद शाळा, चौथी, पट २८. हातच्याची वजाबाकी सुरू आहे. ११ जणांना तीन अंकी जमते. ९ जण बिनहातच्यापर्यंत येऊन अडतात. उरलेल्या ८ जणांचं दशक-एककच कच्चं आहे, त्यातली ३ मुलं ऊसतोडीहून नुकती परतलीत. एका मुलीला श्रवणयंत्र आहे, ६ जणांची घरची भाषा पावरी. ४० मिनिटांत फळ्यावर एकच उदाहरण घेतलं की पहिले कंटाळतात आणि शेवटच्यांच्या डोक्यावरून जातं. तीन वेगळ्या कार्यपत्रिका दिल्या तर निम्मा वेळ सूचना समजावण्यातच जातो. काय करावं?

दशकएकक
‘किती जमतं’ यावर गट पाडू नका, ‘काय चुकतं’ यावर पाडा. त्यासाठी आधी ५ उदाहरणांची चाचणी घ्या: ४८−२३, ५२−२८, ६०−३४, ४०३−१५७, ३००−१२६. वेळेचं बंधन नको, आणि पाटी नको, वही हवी. पुसलेली पायरी पाटीवर राहत नाही, आणि आपल्याला नेमकी तीच बघायची असते.

अंक निवडताना एक काळजी घ्या. ५२−२७ हे उदाहरण चाचणीत देऊ नका. मुलाने लहान अंक मोठ्यातून वजा केला (७−२) तरी एककात ५ येतात, आणि हातचा घेऊन १२−७ केलं तरी ५च. पुढे दशक कमी करायला विसरला तर दोघांचंही उत्तर ३५. चूक कुठली ते कळतच नाही. वरच्या-खालच्या अंकांत ५चा फरक असला की असं होतं. ५२−२८ मध्ये ३६ आलं तर मुलाने अंक उलटे घेतलेत, ३४ आलं तर हातचा घेतला पण दशक कमी केलं नाही. या दोन मुलांना एकच इलाज चालत नाही.

३६ लिहिणाऱ्याला काड्या द्या. चौघांत मिळून १०-१० चे ९ गठ्ठे, रबर लावलेले, आणि २० सुट्या. त्याला ५२ मांडू द्या: ५ गठ्ठे, २ सुट्या. “यातून ८ सुट्या मला दे.” तो थांबतो, इकडे तिकडे बघतो. इथे आपण बोलायचं नाही. गठ्ठ्याचं रबर त्याने स्वतः काढायला हवं. शिक्षकाने काढून दिलं की ‘हातचा’ हा पुन्हा नुसता फळ्यावरचा शब्द होतो. रबर सुटलं की ४ गठ्ठे, १२ सुट्या समोर दिसतात, आणि तेच लगेच वहीत लिहायचं: ५ खोडून ४, २च्या जागी १२. काड्या आज आणि लिखाण उद्या असं केलं तर दोन्हींचा सांधा जुळत नाही.

खेळण्यातल्या नोटा या टप्प्यावर नकोत. दहाची नोट एकच कागद असते, तिच्यात दहा दिसत नाहीत.

३४वाल्याला काड्या लागत नाहीत. त्याला चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच अंक, आणि वर एक ओळ बदललेल्या अंकांसाठी मोकळी सोडा. बहुतेकदा तेवढंच पुरतं.

सातपुड्याची_वाट
पावरी बोलणाऱ्या मुलांची चाचणी श्रुतलेखनाने घेऊ नका, अंक फळ्यावर लिहून द्या. मराठीत ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहितं, कारण कानावर तीसच पडलेलं असतं. ही चूक भाषेची आहे, तिला गणितात मोजलं तर मूल उगाच खालच्या गटात जातं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत दिली तेव्हा टीका बरीच झाली, पण अडचण खरीच आहे. दोन्ही नावं शेजारी ठेवावीत: पन्नास दोन, बावन्न. सोबत ५०चं लांब कार्ड आणि त्याच्या शून्यावर बसणारं २चं छोटं कार्ड.

श्रवणयंत्र असलेल्या मुलीसाठी: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळून बोला. यंत्र वर्गातला गोंगाटही मोठा करतं, म्हणून तिला खिडकी-दारापासून लांब आणि तुमच्यापासून एक-दीड मीटरवर बसवा.

खडूफळा
चाचणीचं पटलं, धन्यवाद. पण मी काड्यांच्या गटात बसलो की बाकीचे २० जण काय करतील? आणि ‘कच्चा गट’ असा शिक्का बसू नये यासाठी?

दशकएकक
प्रसंग सगळ्यांना एकच द्या, आकडे तीन. “दुकानात __ वह्या होत्या, __ विकल्या, किती उरल्या?” फळ्यावर खाली तीन जोड्या: ४२−१७, ६३−२६, ५०२−२६८. सूचना एकदाच सांगावी लागते, कार्यपत्रिका वाटायचा वेळ वाचतो.

पहिली ७ मिनिटं सगळे एकत्र, प्रसंग बोलून. पुढची १५ तुम्ही काड्यांजवळ. बाकीचे जोडीने सोडवतात आणि बेरजेने पडताळतात: २३४ + २६८ = ५०२ आलं नाही तर स्वतःच चूक शोधायची, तुमच्याकडे यायचं नाही. लवकर झालं त्यांना आणखी दहा उदाहरणं देऊ नका, ती शिक्षा वाटते. एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या: “४०३−१५७ = ३५४ लिहिणाऱ्याने काय केलं असेल?” पुढची १० मिनिटं तुम्ही चौकटवाल्यांकडे. शेवटची ८ सगळे एकत्र, तिन्ही जोड्यांमधलं एकेक उत्तर फळ्यावर मांडून.

गटांना फुलांची किंवा रंगांची नावं दिली तरी दोन दिवसांत मुलांना अर्थ कळतो. त्यापेक्षा गटाला नावच नको. जागा रोजच्या कामावर ठरवा आणि दर सोमवारी दोन उदाहरणं देऊन बदला. काड्या कोणालाही घेऊ द्या, ५०२वाल्यांनाही. ५००चे पाच मोठे गठ्ठे सोडताना मधलं शून्य का अडतं, हे त्यांनाही तिथेच कळतं.

सातपुड्याची_वाट
ऊसतोडीहून आलेल्या तिघांना पहिल्या दिवशी चाचणी नको. चार-पाच दिवस काड्यांच्या खेळात मिसळू द्या, मग घ्या. बरेचदा तोंडी हिशेब पक्का असतो, अडतं ते फक्त लेखी मांडणीत.