चाबहार सोडायचं की धरून ठेवायचं?

दर्यावर्दी
इराणमधल्या चाबहार बंदरासाठी आपल्याला २०१८ पासून मिळत आलेली, इराणवरच्या निर्बंधांतली सवलत अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेतली आणि पुढच्याच महिन्यात ती सहा महिन्यांपुरती वाढवून दिली. तेव्हापासून 'कशाला तिथे जीव अडकवायचा, बाहेर पडा' असा सूर सगळीकडे ऐकू येतोय. मला तो अजिबात पटत नाही.

देशाबाहेर एखादं बंदर आपण चालवायला घेतलं ते पहिल्यांदा इथेच, डिसेंबर २०१८ मध्ये. पाकिस्तान आपला माल रस्त्याने अफगाणिस्तानात जाऊ देत नाही. म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये कांडल्याहून गहू जहाजात भरला, चाबहारला उतरवला आणि तिथून पुढे अफगाणिस्तानात पोचवला. सरहद्दीपलीकडचा झरंज-डेलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ताही आपल्याच सीमा रस्ते संघटनेने बांधलेला. तो बांधताना आपली माणसं मारली गेली आहेत. एवढं करून बसलेली जागा कुणी डोळे वटारले म्हणून सोडायची?

हिशेबनीस
माणसं गेली याचं दुःख मलाही आहे, पण त्यावरून पुढचा खर्च ठरवता येणार नाही. मे २०२४ च्या दहा वर्षांच्या करारात आपण १२ कोटी डॉलरची गुंतवणूक आणि वर २५ कोटी डॉलरचं कर्ज कबूल केलं. आणि इराणचा कंटेनरचा मुख्य व्यापार आजही त्यांच्या बंदर अब्बास या दुसऱ्या बंदरातूनच चालतो.

निर्बंधांचं काम कसं चालतं तेही बघा. बंदराला कुणी हात लावत नाही. आधी विमा कंपनी मागे सरते, मग बँक पैसे वळते करायला नकार देते, मग जहाज कंपनी त्या बंदराचं नाव वेळापत्रकातून काढते. धक्का आपल्या ताब्यात राहतो, पण त्याला जहाज लागत नाही. दुसरीकडे अमेरिका आपला सर्वांत मोठा निर्यात ग्राहक. ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के आयातशुल्क लागल्यावर कापड आणि कोळंबीच्या निर्यातदारांची काय गत झाली ते पाहिलंत ना?

उत्तरवाट
दोघांनाही एक विचारतो. सवलत हातात होती तेव्हा आपण काय केलं?

धक्क्यावर फिरणाऱ्या, १४० टन क्षमतेच्या सहा क्रेन मागवल्या होत्या. त्यातल्या पहिल्या दोन इटलीहून पोचल्या जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे बंदर हाती आल्यावर दोन वर्षांनी! सवलत कागदावर होती, तरी इराणला माल द्यायचा म्हटलं की परदेशी पुरवठादार कचरत होते. चाबहारपासून इराणमधल्याच झाहेदान शहरापर्यंतच्या रेल्वेचंही तेच. ६२८ किलोमीटरचा मार्ग, त्यासाठी २०१६ मध्ये आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने समझोता केला. पुढे काही हललं नाही आणि जुलै २०२० मध्ये इराणने स्वतःच रूळ टाकायला घेतले. रेल्वेशिवाय या बंदराला पाठ नाही. वॉशिंग्टनकडे बोट दाखवण्याआधी आपल्या फायली किती दिवस पडून होत्या ते तपासा.

दर्यावर्दी
उत्तरवाट, दिरंगाईचं शंभर टक्के मान्य. पण उशीर झाला म्हणून निघून जायचं, हे कसं?

शेजारी पाकिस्तानच्या ग्वादर बंदरात चीन बसलाय. मार्च २०२१ मध्ये त्याने इराणशी २५ वर्षांचा सहकार्य करार केला. मार्च २०२३ मध्ये सौदी आणि इराण यांचा समेट जाहीर झाला तो बीजिंगमध्ये. आणि आपण? मे २०१९ मध्ये अमेरिकेने सूट थांबवली तसं इराणचं तेल घेणंच बंद केलं. चीन आजही घेतोय. तेहरान कुणाच्या शब्दाला किंमत देईल?

हिशेबनीस
चीनशी ही तुलनाच चुकीची आहे. इराणचं तेल घेतात ते मुख्यतः शानडोंगमधले छोटे खासगी शुद्धीकरण कारखाने. त्यांचा डॉलरशी फारसा संबंध नाही, त्यामुळे निर्बंधांची भीतीही कमी. आपल्या तेल कंपन्यांना ते परवडणारं नाही. बरं, त्या २५ वर्षांच्या कराराचा पैसा इराणमध्ये फारसा उतरलेला दिसत नाही. जून २०२५ मध्ये इस्राएलशी बारा दिवस युद्ध झालं, तेव्हा बीजिंगने निषेधाच्या निवेदनांपलीकडे काय दिलं?

आर्थिक मुत्सद्देगिरी बघायचीच तर अमिरातीशी केलेला २०२२ चा व्यापार करार बघा. तीन महिन्यांच्या आत वाटाघाटी संपवून सही झाली आणि १ मेपासून लागूसुद्धा झाला.

खाराकिनारा
चाबहार ज्या प्रांतात आहे त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. सिस्तान-बलुचिस्तान हा इराणच्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. आपण बंदर घेतलं त्याच महिन्यात चाबहारच्या पोलीस मुख्यालयावर आत्मघाती हल्ला झाला. जानेवारी २०२४ मध्ये इराण आणि पाकिस्तानने याच पट्ट्यात एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागली. स्थानिक बलुचांना त्या धक्क्यावर रोजगार किती मिळाला, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. तिथली माणसं आपल्या बाजूने नसतील तर करार दहा वर्षांचा असो नाही तर पन्नास.

दर्यावर्दी
खाराकिनारा, मुद्दा रास्त आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यात स्थानिक भरतीची अट आपणच घालायला हवी.

हिशेबनीस, अमिरातीचा करार उत्तमच, पण तिथलं मुख्य बंदर जेबेल अली हे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. चाबहार बाहेर, थेट समुद्रावर. होर्मुझ अडलं तर तुमचा माल उझबेकिस्तानला कुठून पाठवणार?

हिशेबनीस
होर्मुझचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून करार मोडा असं म्हणणार नाही. पण झाहेदानपर्यंत पहिली मालगाडी धावत नाही तोवर नवा एक डॉलरही घालू नये. तेवढ्या काळात रुपया-रियालमध्ये पैसे फिरवणारी बँक उभी करा, कारण नुसती रेल्वे झाली आणि बँक नसली तरी माल पडूनच राहील.