विनिपेग : हिवाळ्यात नळाचे पाणी पांढुरके का दिसते?

प्रश्न : आम्ही कॅनडातील विनिपेगमध्ये एका जुन्या घरात भाड्याने राहतो. कडाक्याच्या थंडीत नळाचे पाणी पांढुरके येते. घरात आठ महिन्यांचे बाळ असल्यामुळे पाणी उकळून द्यावे का?

उत्तर १ : पाणी काचेच्या पेल्यात दोन मिनिटे ठेवा. ते तळाकडून वर निवळत गेले, तर ती केवळ हवा आहे. थंड पाण्यात हवा अधिक विरघळते आणि नळाबाहेर दाब कमी होताच तिचे बारीक बुडबुडे होतात. शोल लेक या तलावाचे हे पाणी 1919 पासून सुमारे 150 किलोमीटरच्या जलवाहिनीतून केवळ उताराने शहरापर्यंत येते आणि 2009 पासून शुद्धीकरण केंद्रात त्यावर ओझोन, गाळण, अतिनील किरण व क्लोरीन यांची प्रक्रिया होते.

उत्तर २ : मला हवेपेक्षा शिशाची काळजी वाटते. जुन्या घरापर्यंत पाणी आणणारी जोडनळी शिशाची असू शकते आणि उकळल्याने शिसे जात नाही. पाण्यात मिसळलेले ऑर्थोफॉस्फेट हे रसायन नळीला आतून थर देते, तरीही सकाळी थंड पाणी थोडा वेळ वाहू द्या व बाळाच्या दुधासाठी गरम नळाचे पाणी मुळीच वापरू नका. घरमालकांकडे नळीची चौकशी अवश्य करा.

उत्तर ३ : ज्या तलावाचे पाणी आपण पितो, त्याच्या काठावरील शोल लेक 40 या मूलनिवासी वस्तीला 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळून प्यावे लागले, हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

प्रश्नकर्ती : पेला तळाकडूनच निवळला. नळीबद्दल आजच विचारते.