आठ दिवस झाले, ससे कपाटाखालून बाहेरच येत नाहीत

मेहरूणकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी नाशिकच्या एका शेल्टरमधून दोन ससे दत्तक आणले. कुणीतरी पिंजऱ्यासकट रस्त्यावर सोडलेले. मादी पांढरीशुभ्र, तिचं नाव बोंडी ठेवलं, कपाशीच्या बोंडावरून. नर करडा, एक कान जरा फाटलेला, तो तिळ्या. दोघांची नसबंदी तिथेच झाली आहे. पहाटे साडेचारला निघालो आणि ऊन चढायच्या आत एरंडोल गाठलं. वाटभर दोघं एकमेकांना चिकटून बसले होते.

तेव्हापासून मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाखाली मुक्काम. हात घातला की आणखी मागे सरकतात. रात्री मात्र गवत संपलेलं असतं, लेंड्याही पडलेल्या असतात. परवा रात्री दोन वाजता जोरात 'धप्प' आवाज आला, काही पडलं म्हणून उठले तर बोंडी मागचा पाय आपटत होती. आणि काल पहाटे तिळ्या मान वाकवून स्वतःचीच लेंडी खाताना दिसला! आजारी आहे का हो?

मुलगी सहावीत आहे. तिला मांडीवर घ्यायचे आहेत, ती रडकुंडीला आली आहे. सासूबाई रोज विचारतात, "काय व्हयनं वं यास्ले?" आणि हळूच भाकरीचा तुकडा सरकवतात. आमचं काही चुकतंय का?

पांझराकाठचा (धुळे)

ताई, घाबरू नका. रात्री गवत संपतंय आणि लेंड्या पडताहेत, म्हणजे प्रकृती चांगली आहे. ज्या दिवशी बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंडीही नाही, त्या दिवशी मात्र सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा. सशाचं आतडं एकदा थांबलं की फार लवकर हाताबाहेर जातं. आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला द्यायचं नसतं. सशांवर उपचार करणारे डॉक्टर आताच शोधून ठेवा.

तिळ्यानं खाल्ली ती साधी लेंडी नव्हे. ससा दोन प्रकारची टाकतो. एक कोरडी गोल, ती तुम्ही झाडता. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घडासारखी, ती तो थेट तोंडानंच उचलतो. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. अडवू नका. पाय आपटणं म्हणजे 'धोका आहे' असा इशारा. बाहेर मांजर फिरली असेल.

आता मुलीला एक काम सांगा. संध्याकाळी दिवेलागणीला खोलीत जमिनीवर बसायचं आणि अभ्यास करायचा. सशांकडे बघायचंही नाही, हात तर मुळीच लावायचा नाही. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, दुपारी त्यांना छेडू नये. वरून हात आला की त्यांना घार आल्यासारखं वाटतं. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे अगदी नाकासमोरचं त्यांना दिसत नाही, म्हणून नाकाखालीही हात न्यायचा नाही. जवळ आले तर कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये हळूच बोट फिरवायचं. उचलणं बहुतेक सशांना आवडत नाही. कान धरून तर कधीच नाही. मांडीचा हट्ट सोडायला सांगा, ते स्वतःहून चढले तर गोष्ट वेगळी.

शिरपूरची आक्का

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त उन्हाचं सांगते, कारण मे महिन्यात माझा एक ससा त्यातच गेला. पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, चूक माझीच होती. सशाला घाम येत नाही, मुख्यतः कानांतूनच उष्णता बाहेर पडते. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे तर ४४-४५ होतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच सोय करा. खालच्या मजल्यावरची खोली, शहाबादी फरशी, कुलर, खिडकीला वाळ्याची ताटी. फ्रीजरमध्ये दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा आणि फडक्यात गुंडाळून त्यांच्या बाजूला ठेवा, लाइट गेली की त्याच उपयोगी पडतात. धापा टाकत असेल तर कान ओल्या फडक्यानं पुसा आणि डॉक्टरकडे पळा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

सासूबाईंना समजवा. भाकरी, पोळी, भिजवलेले हरभरे नको. आपल्या घरात केळी कायम असतात, तरी बोटाच्या पेराएवढ्या चकतीवर जाऊ नका, साखर फार असते. कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला मूठभर चालतो.

बांधावरचा (चोपडा)

गवताचं बोलतो. आहारात मुख्य वाळलेलं गवतच हवं, दात आयुष्यभर वाढतात, ते त्यानंच झिजतात. पवना, मारवेल मिळालं तर उत्तम. दूधवाल्यांकडचा लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, लघवीचा त्रास होतो. आणि कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरचं गवत फुकट मिळतं म्हणून आणू नका. फवारा उडालेला असतो.

मेहरूणकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दहा दिवसांनी लिहितेय.

मुलगी रोज संध्याकाळी तिथेच भूगोल वाचते. चौथ्या दिवशी बोंडी बाहेर आली, तिची वही हुंगली आणि कोपऱ्याला हनुवटी घासून परत गेली. ती खूण करते म्हणे, 'हे माझं'. आता कपाटाचा पाय, चप्पल, सासूबाईंची पोथीची पिशवी, सगळ्यावर हनुवटी घासून झाली आहे. तिळ्या अजून लाजतो. पण काल संध्याकाळी दोघं फरशीवरून धावत सुटले आणि तिळ्यानं मध्येच हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला. मी चहा हातात धरून दारातच उभी राहिले.

सासूबाई आता भाकरीऐवजी कोथिंबिरीची काडी घेऊन पाटावर बसतात. आज बोंडीनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि तिथेच, त्यांच्या पदराला टेकून, शेवटच्या पानापर्यंत खाल्ली. कपाळावर बोट फिरवलं तर दात हळूहळू कुरकुर वाजवत होती. सासूबाई अर्धा तास हलल्या नाहीत. देवाजवळचा दिवा आज मीच लावला.